नोकरी सुटली, कायक सुटते काय?



इंदूरच्या एका वयोवृद्ध भक्तांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे. पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य लेथवर काढले. निवृत्तीनंतर ते घरातली ठाकठोक करतात, दहा-बारा कुंड्या आणि भिंतीलगतचा एक वाफा जोपासतात, आणि सोमवारच्या भजनात पेटी धरतात. त्यांचे विचारणे असे की, कायक हाच कैलास असे शरण सांगून गेले. मग नोकरीबरोबर कायक सुटले, तेव्हा कैलासाची वाटही सुटली काय? आणि घरात हे जे काही चालले आहे त्याला कायक म्हणायचे, की नुसता वेळ घालवणे?

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. इंदूर हे गिरण्यांचे शहर होते. हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आरंभीच बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा मार्ग मोकळा व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. ज्यांचे काम असे भर उमेदीत हातातून काढून घेतले गेले, त्यांना कायकाचा महिमा कोणत्या तोंडाने सांगावा? वचनांचा अर्थ सांगणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. पगार थांबला की धर्मही थांबतो असे ठरले, तर शरणांचा धर्म हा फक्त धडधाकट आणि नोकरीत असलेल्या माणसांचा धर्म होईल.

पोलोग्राउंड हे नाव या बाबतीत मोठे बोलके आहे. नावावरून कळते की ही जागा एके काळी घोड्यावर बसून चेंडू टोलवणाऱ्यांची; होळकरांच्या राजधानीतल्या हौसेची. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, कारखान्यांच्या ओळी आहेत, वीज कंपनीचे मोठे कार्यालय आहे. खेळाच्या जागी श्रम आले आणि नाव मात्र खेळाचेच राहिले. आपल्या या भक्तांच्या आयुष्यात उलटे झाले. आधी श्रम होते आणि आता लोक म्हणतात, आजोबांना काहीतरी खेळ लागतो. त्यांचे दुखणे नेमके या ‘खेळ’ शब्दात आहे.

आधी कायक म्हणजे काय ते पाहू. काया झिजवून केलेले काम ते कायक, एवढे आपण सारेच सांगतो. दुकानाच्या पाटीवरही हा शब्द आता लिहितात, आणि गल्ल्यावर बसून नफा मोजण्यालाही कायक म्हणतात! शरणांनी मात्र त्याला दोन कुंपणे घातली होती. काम स्वतःच्या देहाने करायचे, आणि त्यातून जे येईल ते दासोहाच्या वाटेने पुढे जायचे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत असत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तर पत्नी लक्कम्मांनी ते घरात ठेवून घेतले नाहीत; जास्तीचे परत टाकून या, म्हणाल्या. घरात धान्याची रेलचेल नव्हती, तरीही. कायकाला माप असते, हे त्या माउलीने दाखवून दिले.

या मापाने पाहिले तर आपल्या भक्तांची शंका रास्त ठरते. स्वतःच्या घराचा नळ दुरुस्त केला, त्यातून जंगमाला काय पोचले? स्वतःच्या गच्चीवर मोगरा फुलवला, त्यात दासोह कुठे आला? यावर काही जण झटकन उत्तर देतात की मनोभावे केलेले कोणतेही काम ही पूजाच. हे उत्तर गोड आहे, पण आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. मनोभावे तर जुगारही खेळता येतो.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कथा येथे उपयोगी पडेल. सोन्नलगीत त्यांनी तळे खोदले, अडुसष्ट लिंगे स्थापिली, शेकडो हात कामाला लावले. अल्लमप्रभुदेव तेथे आले आणि या सगळ्या उठाठेवीवर त्यांनी कठोर शब्दांत प्रहार केला. शून्यसंपादनेतील हा प्रसंग आपण पारायणात ऐकतो आणि बहुधा त्याचा अर्थ असा काढतो की बाहेरची कामे तुच्छ, आतले ज्ञान श्रेष्ठ. पण अल्लमप्रभूंनी तळे बुजवा असे म्हटल्याचे कुठेही आलेले नाही. सिद्धराम पुढे कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली, आणि तळे जिथे होते तिथेच राहिले. सोलापूरकर आजही त्याच्या काठी गड्ड्याची यात्रा भरवतात. प्रहार झाला तो ‘हे मी उभे केले’ या भावनेवर. म्हणजे काम कोणते हा प्रश्न दुय्यम झाला आणि कामात ‘मी’ किती उरतो हा मुख्य झाला.

आता घराच्या डागडुजीकडे वळू. बसवण्णांच्या एका वचनात उंबऱ्याची आणि घराची दशा पाहून आत धनी राहतो की नाही असा संशय यावा, असा दृष्टान्त आहे. तेथे घर म्हणजे देह-मन आणि धनी म्हणजे परमेश्वर, हे प्रवचनकार सांगतातच. पण दृष्टान्त घ्यायला बसवण्णांना घरच सुचले, हे आपण विसरतो. ज्याने गवताने भरलेला उंबरा पाहिला नाही, ज्याला तो खटकला नाही, त्याला हे वचन सुचले नसते. दृष्टान्त खरा असेल तर त्यातला उंबराही खरा असला पाहिजे.

माळव्याची जमीन काळी, चिकण. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. पाया उथळ असेल तर घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग जाते, श्रावणात दरवाजे चौकटीत अडकतात आणि वैशाखात आपोआप मोकळे होतात. आपण काय करतो? दिवाळी आली की भेगेत सिमेंट भरतो, वरून रंग मारतो आणि समाधान मानतो. पुढच्या पावसाळ्यात भेग त्याच जागी हसत उभी असते. जाणता गवंडी थापी हातात घेण्याआधी घराभोवती एक फेरी मारतो. पन्हळीचे पाणी पायथ्याशी पडते का, मोरीचा नळ आतल्या आत झिरपतो का, ते बघतो. पाणी पायापासून दूर नेले, भिंतीलगत उताराची फरसबंदी केली, की निम्मे दुखणे ओसरते. आपल्या भक्तांनी भिंतीला चिकटून जो फुलांचा वाफा केला आहे, त्याचे रोजचे पाणीही पायातच मुरत असणार! वाफा हातभर पुढे सरकवावा, हे जाता जाता सुचवून ठेवतो.

चिडखोर स्वभावाच्या माणसाने सणासुदीला गोड बोलणे हेही भेगेवर रंग मारण्यासारखेच असते, हे वेगळे सांगायला नको. आम्हाला सांगायचे आहे ते दुसरेच. बसवण्णांचे देह-देवालयाचे वचन सर्वांना मुखोद्गत आहे. श्रीमंत मंदिरे बांधतात, मी गरीब काय बांधणार, तर माझा देहच मंदिर, असा त्याचा आशय. आणि स्थावर नाश पावणारे, जंगम अविनाशी, हा त्यातला सिद्धान्त. यावरून काही जण विटा-मातीची हेटाळणी करतात. घर पडणारच, मग जपायचे कशाला? आमच्या मते हे वचन ज्याला सर्वांत चांगले समजते तो दरवर्षी डागडुजी करणारा माणूस. बांधणाऱ्याला वाटते की आपण कायमचे काही उभारले. तो दारावर नाव कोरतो, संगमरवरी पाटी लावतो. डागडुजी करणाऱ्याला पक्के ठाऊक असते की हे पुन्हा ढासळणार, पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागणार. गच्चीची गळती बंद केल्याची पाटी कोणी लावल्याचे ऐकिवात आहे काय? सिद्धरामेश्वरांना ज्या ‘मी’पासून सोडवण्यासाठी अल्लमप्रभूंना सोन्नलगीला यावे लागले, तो ‘मी’ दुरुस्तीच्या कामात फारसा मावतच नाही.

या इंदूरात शंभर वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट आपल्या तरुण वाचकांना माहीत नसेल. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटलंडचे विद्वान मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. नगररचनेसाठी होळकर दरबाराने त्यांना बोलावले होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरील दोन खंडांचा अहवाल छापला गेला. त्या काळात शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की नेहमीच्या मार्गाने ती जाणार नाही. ज्या गल्लीतली घरे सर्वांत जास्त झाडून-पुसून, दुरुस्त करून ठेवलेली असतील त्या गल्लीतून ती जाईल. मग काय विचारता! गावभर झाडलोट, रंगसफेदी, दुरुस्ती सुरू झाली आणि कचऱ्याच्या हजारो गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे अजस्र सोंग होते, आणि शहराचे सफाई कामगार शुभ्र कपड्यांत, फुले माळून, नवे झाडू घेऊन मानाने चालत होते. शेवटी लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. तुळस ही नीट राखलेल्या घराची खूण, असे गेडिस मानीत.

परदेशातून आलेल्या या गृहस्थाला शरणांचे नावही बहुधा ठाऊक नसेल. पण झाडू मारणाऱ्याला मिरवणुकीत मान द्यावा हे त्याला सुचले, आणि बाराव्या शतकात अनुभवमंटपाच्या परंपरेने सत्यक्कांना शरणी म्हणून वंदन केले, त्या भक्तांची अंगणे झाडीत असत. सत्यक्कांचे अंगण स्वतःचे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. २०१७ पासून इंदूरला देशातल्या स्वच्छ शहराचा पहिला मान वर्षानुवर्षे मिळत गेला. त्याचे ढोल आपण वाजवतो. पण ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायचा कंटाळा करून, सगळे एकाच पिशवीत कोंबून गाडीवाल्याच्या पुढे धरणारे हात आपल्यातही आहेत. त्या पिशवीत पुन्हा हात घालून निवडणारा माणूस कुणाचे काम करीत असतो? स्वतःच्या घरचे काम घरच्याने नीट केले की ते परक्याच्या पाठीवरचे ओझे हलके करते. आपल्या भक्तांना आम्ही येथे पहिला धागा देऊ: स्वतःच्या नळाचे वॉशर बदलण्यातही जंगमाला काही पोचते, जर गळणारे पाणी दुसऱ्याच्या वाट्याचे असेल.

आणि ते असतेच. इंदूरचे पाणी १९७८ पासून नर्मदेहून, जलूदहून येते. सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि मध्ये विंध्याचा चढ; विजेच्या जोरावर ते वर चढवले जाते. ते पाणी नळी लावून बागेत सोडून द्यायचे आणि आपण आत पूजेला बसायचे, हे आम्हाला रुचत नाही. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी झारीत भरून कुंडीच्या बुडाशी घालावे. झाडाला पाणी लागते ते मुळाशी, पानांवर शिंपडून आपले समाधान तेवढे होते. बसवण्णांनी झाडाचे तोंड मुळाशी असल्याचा दाखला देऊन सांगितले की लिंगाचे तोंड जंगम आहे. तेथे घातले की लिंगाला पोचते. कुंडीला पाणी घालणाऱ्या माणसाला हे वचन रोज सकाळी डोळ्यांपुढे घडताना दिसते. खाली घातलेले वर उमटते, पण लगेच उमटत नाही. मध्ये आठ-पंधरा दिवस आपल्याला काहीच दिसत नाही, तरी घालीत राहावे लागते. अल्लमप्रभू गोग्गय्या माळ्याला भेटले तेव्हाही त्यांनी त्याचे खणणे सोडवले नाही. खणण्याच्या भाषेतच त्याला उपदेश केला, असे परंपरा सांगते.

फुलांचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलतो. पहाटे फिरायला निघताना पिशवी घेऊन जायचे आणि लोकांच्या कुंपणावरून जास्वंदी, कण्हेरी, पारिजातक तोडून आणायचे, ही चाल आपल्याकडेही फार वाढली आहे. देवासाठीच तर नेतो, म्हणतात. लक्कम्मांनी हे तांदूळ परत टाकायला लावले असते! दुसऱ्याने वर्षभर राखलेल्या झाडाचे फूल न विचारता इष्टलिंगावर वाहणे म्हणजे पूजेच्या नावाखाली त्याचे कायक खाणे. त्यापेक्षा आपल्या कुंडीतले एक फूल पुरे. फूल नसेल तर बेलाचे एक पान पुरे. आणि ज्याची बाग आहे त्याने दोन फुले कुंपणापाशी परडीत ठेवावीत, घेणाऱ्याला चोरी करावी लागू नये म्हणून. बागेत दासोह कुठे, असे आपल्या भक्तांनी विचारले होते. तो त्या परडीत आहे.

राहिले गाणे. सोमवारच्या भजनात पेटी धरणाऱ्याला स्वरज्ञान किती, हा प्रश्न नातवंडे विचारतात आणि आजोबा खजील होतात. बसवण्णांनी आपल्या गायनशास्त्राच्या अज्ञानाची एका वचनात मोकळी कबुली दिली आहे आणि तरीही गाण्याचा हक्क सोडलेला नाही. दुसऱ्या एका वचनात ते आपल्या देहाचीच वीणा करून वाजव, अशी विनवणी कूडलसंगमदेवाला करतात. दोन्ही वचने एकत्र वाचावीत, असे आम्हाला वाटते. पहिल्याचाच आधार घेतला तर कुणीही बेसूर ओरडावे आणि भक्ती म्हणून खपवावे, अशी सोय होते. दुसऱ्यात सोय काढून घेतली आहे. वीणेचे दांडे-भोपळे जुळवल्याखेरीज ती वाजत नाही. पेटीच्या भात्याला भोक पडले असेल तर ते बुजवणे, टाळांच्या दोऱ्या बदलणे, हीही भजनाचीच सुरुवात आहे आणि लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला ती उत्तम जमेल.

इंदूरपासून देवास सुमारे पस्तीस किलोमीटर. कुमार गंधर्व तेथे राहिले, हे सर्वांना माहीत आहे. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म १९२४ मध्ये बेळगाव भागातल्या सुळेभावीचा, आपल्याच लिंगायत घराण्यातला. आणि ‘कुमार गंधर्व’ ही पदवी बालपणी दिली तीही एका लिंगायत स्वामींनी. १९४८ मध्ये ते क्षयाने आजारी होऊन देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पाच-सहा वर्षे ज्याचे गाणे हेच जगणे त्याला गाता आले नाही. आपल्या भक्तांच्या प्रश्नाचे याहून तीव्र रूप कोणते? पगार थांबला नव्हे, कंठच थांबला. त्या वर्षांत त्यांनी काय केले, तर पडल्या पडल्या ऐकले. माळव्यातल्या बायाबापड्या लग्नात, सणाला, काम करताना जी गाणी म्हणत, ती कान देऊन ऐकली. त्या बायांना कुणी गायिका म्हणत नव्हते. त्यांच्यापुढे ना मंच होता ना बिदागी. पुढे कुमारजी पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात माळव्याच्या त्या लोकधुना उतरल्या होत्या. कायक बंद पडल्यावर ऐकणे शिल्लक राहिले आणि त्या ऐकण्यानेच पुढचे गाणे घडवले.

म्हणून हौशी गाणाऱ्याला आमची एकच सूचना आहे, ती कर्ण्याबद्दल. भजन घरात करावे, दारे उघडी ठेवावीत. कर्णा लावू नये. ज्याला यायचे तो येईल. शेजारच्या घरात परीक्षेचे मूल असते, आजारी माणूस असतो. त्यांच्यावर आपली भक्ती लादणे हा दासोह नव्हे. उलट, भजनात एखादा म्हातारा ताल चुकवतो म्हणून त्याला मागे बसवू नये. पंगतीत बसलेल्याला आपण कधी विचारतो काय, की तुला नीट जेवता येते का? गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागून पुट्टराज गवई, दोघेही दृष्टिहीन, शेकडो अंध मुलांना जेवू घालून गाणे शिकवीत राहिले. कुणाचे गाणे चांगले निघेल याची निवड पंगतीत पान वाढण्याआधी कुणी केली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे. आमचे उत्तर असे की नोकरी सुटल्याने कायक सुटत नाही. पण घरातली प्रत्येक ठाकठोक आपोआप कायक होते असेही नाही. जे दुसऱ्याच्या वाट्याचे वाचवते, कुणाच्या तरी हाती पोचते, आणि ज्यात ‘मी’ कमी होत जातो, ते कायक; ते नोकरीत असतानाही हेच होते. मात्र येथे एक अडचण उरते आणि तिचा विचार आपल्या भक्तांनी करावा अशी आमची विनंती आहे. हात कसबी, वेळ भरपूर. म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नळ, कड्या, बिजागऱ्या फुकट दुरुस्त करू लागले, तर चांगलेच. पण त्याच गल्लीत एखादा सुतार, एखादा प्लंबर याच कामावर मुले पोसत असतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने फुकट केलेली सेवा त्याच्या चुलीतले लाकूड काढून घेते. लक्कम्मांचे माप येथेही लागू आहे. जास्तीचे उचलणे म्हणजे दुसऱ्याचे उचलणे, मग ते पुण्य का असेना. ज्या घरी मिस्त्रीला द्यायला पैसे नाहीत, एकटी विधवा आहे, पावसाने फुगलेले दार जिला उघडत नाही, तेथे जाऊन रंधा फिरवावा. ज्याला ऐपत आहे त्याने फारच आग्रह केला तर मजुरी घ्यावी, संकोच करू नये. शरणांनी मजुरीला कधी कमी लेखले नाही. ती दासोहाच्या पेटीत टाकावी. बाकी सर्व ठिकाणी आधी त्या मिस्त्रीला हाक मारावी. त्याच्याजवळ नसलेला एखादा पाना, एखादे जुने ड्रिल आपल्या पेटीत पडून असेल, ते त्याच्या हाती द्यावे. आणि त्याचा मुलगा शिकायला तयार असेल तर सूत-दोन सूत मापात कसे काम करतात, ते संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला दाखवावे.